हाताशी हवे, हाताखाली नको : बटणांविषयी वाचकांचे प्रश्न

हातात धरून वापरायच्या उपकरणांवरील बटणांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून विशिष्ट कंपन्यांविषयीच्या तक्रारी वगळल्या आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या फोनचे पॉवरचे बटण वरच्या कडेला होते. नव्या फोनमध्ये ते उजव्या कडेला आहे आणि आवाजाची बटणे बरोबर त्याच्या समोर, डाव्या कडेला आहेत. स्क्रीन बंद करायला जावे तर हटकून स्क्रीनशॉट निघतो. बटणांच्या जागा ठरवणारे लोक फोन हातात धरून पाहत नाहीत का? — एक वाचिका, नाशिक

उत्तर : धरून पाहतात, आणि पॉवरचे बटण वरून बाजूला आले ते त्यामुळेच. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता. तेवढा फोन मुठीत धरला की तर्जनी वरच्या कडेपर्यंत सहज जात असे. २०१४ मध्ये त्याच कंपनीने ४.७ आणि ५.५ इंचांचे फोन काढले, तेव्हा वरची कड बोटाच्या टप्प्याबाहेर गेली आणि ते बटण उजव्या कडेला आणावे लागले. उजवी कड निवडण्यात एक सोय आहे : फोन उजव्या हातात असेल तर तेथे अंगठा येतो आणि डाव्या हातात असेल तर तर्जनी किंवा मधले बोट येते, त्यामुळे एकाच जागेवरून दोन्ही हातांचे भागते.

घोळ होतो तो समोरच्या कडेमुळे. कडेचे बटण दाबणे हे एकट्या बोटाचे काम नसते. अंगठ्याने एका बाजूने जोर दिला की दुसऱ्या बाजूने बोटांना तो पेलावा लागतो, नाहीतर फोन हातातून सरकेल. ज्या जागी बोटे असा आधार देतात नेमक्या त्याच जागी आवाजाची बटणे असतील, तर एक बटण दाबताना दुसरे दाबले जाणार हे उघड आहे, आणि ही दोन्ही बटणे एकदम दाबणे हीच आजच्या बहुतेक फोनमध्ये स्क्रीनशॉटची खूण ठरलेली आहे.

यावर निघालेले उपायही पाहण्यासारखे आहेत. एलजीने २०१३ मध्ये जी-२ या फोनची सगळी बटणे पाठीवर, कॅमेऱ्याच्या खाली नेली. फोन कानाशी धरताना तर्जनी तेथेच विसावते, हा विचार योग्यच होता. मात्र फोन टेबलावर उताणा ठेवला की एकही बटण हाती लागत नसे, म्हणून पडद्यावर दोनदा टिचकी मारून तो जागा करण्याची सोय द्यावी लागली. बरेच अँड्रॉइड फोन आता पॉवर आणि आवाज ही दोन्ही बटणे उजव्या कडेलाच ठेवतात. माझ्या मते हीच मांडणी सर्वांत समंजस आहे, मात्र दोन बटणांत पुरेसे अंतर हवे आणि पॉवरच्या बटणाचा स्पर्श खरखरीत हवा, म्हणजे खिशात हात घालूनही ते ओळखता येईल.

आपल्या फोनपुरते सांगायचे तर आधाराची बोटे आवाजाच्या बटणांच्या खाली घेऊन पाहा. आपल्या फोनमध्ये पडद्यावर दोनदा टिचकी मारून तो बंद करण्याची सोय असेल, तर ती सेटिंगमधून चालू करून घ्या. फोनचे कव्हर फार मऊ असेल तर तेही बदलून पाहा. अशा कव्हरमधून बटणाचा उठाव बोटाला कळत नाही आणि माणूस गरजेपेक्षा अधिक जोराने दाबतो.

प्रश्न : माझे किराणा मालाचे दुकान आहे. दिवसभर बोटे कॅल्क्युलेटरवर चालतात. त्याच बोटांनी मोबाइलवर पिन टाकताना १ च्या जागी ७ आणि ३ च्या जागी ९ पडतो. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर आणि फोनवर १-२-३ वर, असा उफराटा प्रकार कोणी आणि का केला? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ही दोन वेगळी घराणी आहेत आणि त्यांची कधी सोयरीक झाली नाही. कॅल्क्युलेटरची मांडणी बेरीज करणाऱ्या यांत्रिक यंत्रांकडून आली. अमेरिकेत डेव्हिड संडस्ट्रँड यांनी १९१४ च्या सुमारास दहा कळांचे बेरीज-यंत्र तयार केले. त्यात तीन-तीन कळांच्या तीन ओळी होत्या, त्यांतील सर्वांत वरची ७-८-९ ची आणि तळाशी शून्य. हिशेबात शून्य आणि लहान अंक अधिक वेळा लागतात, म्हणून ते हाताच्या जवळ असावेत, असे या मांडणीचे समर्थन सहसा केले जाते. पुढे विजेवर चालणारी यंत्रे आणि खिशातील कॅल्क्युलेटर आले तेव्हा कारकुनांच्या बोटांना हीच सवय होती, आणि ती मोडण्याचे कोणालाही कारण नव्हते.

टेलिफोनवर १९५० च्या दशकापर्यंत गोल तबकडी होती, त्यामुळे बटणांसाठी पाटी कोरीच होती. अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत जॉन कार्लिन यांच्या विभागात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि रिचर्ड डाइनिंजर यांनी त्याचे निष्कर्ष १९६० मध्ये प्रसिद्ध केले. बटणे गोलात, दोन उभ्या रांगांत, दोन आडव्या रांगांत, कॅल्क्युलेटरप्रमाणे अशा निरनिराळ्या मांडण्या लोकांकडून वापरून घेण्यात आल्या. बटण किती मोठे असावे, ते किती खोल जावे, दाबायला किती जोर लागावा, हेही मोजले गेले. चांगल्या मांडण्यांमध्ये वेगाचा आणि चुकांचा फरक फार मोठा निघाला नाही, हे विशेष; तरी अखेर १-२-३ वर असलेली चौकट निवडली गेली. वाचन वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे होत असल्यामुळे क्रमाने लिहिलेले अंक नवख्याला शोधावे लागत नाहीत. शिवाय अमेरिकेत टेलिफोनच्या अंकांबरोबर इंग्रजी अक्षरेही छापलेली असत, आणि ७ वरून सुरुवात केली असती तर त्यांचा क्रम उलटापालटा दिसला असता.

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी बटणांचा टेलिफोन अमेरिकेत ग्राहकांना मिळू लागला. तेव्हा त्याला दहाच बटणे होती. तारांकन (*) आणि चौकडीची (#) बटणे १९६८ मध्ये आली. ती चौकट इतकी पक्की बसली की पुढे मोबाइलवर तिच्याशी केलेले खेळ लोकांना रुचले नाहीत. नोकियाने आपल्या ३६५० या मॉडेलमध्ये अंक पुन्हा गोलात मांडले होते. दिसायला फोन देखणा होता, पण अंगठ्याला प्रत्येक अंक नव्याने शोधावा लागे.

आता आपल्या एकाच काचेवर दोन्ही घराणी नांदतात : डायल करण्याचा पडदा उघडला की १-२-३ वर, कॅल्क्युलेटर उघडला की ७-८-९ वर. उपाय म्हणून पिन बोटांच्या हालचालीने लक्षात ठेवण्याऐवजी अंक मनात उच्चारून टाकण्याची सवय लावावी. काही बँकांच्या संकेतस्थळांवर पडद्यावरील अंकांच्या जागा मुद्दाम दर वेळी बदलतात, तेव्हा हीच सवय उपयोगी पडते. तेथे मांडणी बिघडवण्याचा हेतूच असा की पाठीमागून पाहणाऱ्याला बोटांच्या हालचालीवरून पिन कळू नये.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. मोबाइलवर गेम खेळून त्याच्या उजव्या मनगटाची अंगठ्याकडची बाजू दुखते. हातात धरायचा, बटणांचा वेगळा कंट्रोलर घेतला तर दुखणे थांबेल, असे तो म्हणतो. त्यात तथ्य आहे की ही नुसती खरेदीची सबब आहे? — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : थोडे तथ्य आहे, पण त्याआधी मुलाला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगठा बाहेर आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) मनगटाच्या त्या बाजूने एका अरुंद आवरणातून जातात. तीच हालचाल सतत झाली की आवरण सुजते आणि कंडरा त्यात घासू लागतात. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या काळी मोबाइल नव्हते. पिळणे, मुरगळणे, लहान मूल वारंवार उचलणे अशा कामांतूनही तो होतो, आणि बाळंतिणींमध्ये तो अजूनही नेहमी दिसतो. गेमच्या बटणांमुळे अंगठा दुखावल्याची नोंदही जुनी आहे. सलग पाच तास खेळून अंगठा दुखावलेल्या ३५ वर्षांच्या एका स्त्रीची हकिकत १९९० मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती आणि डॉक्टरांनी त्या दुखण्याला गेमच्या कंपनीवरूनच नाव दिले होते. आपल्या मुलाला हाच विकार आहे की दुसरा काही, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

आता बटणांकडे येऊ. फोन उजव्या हातात धरून अंगठा पडद्यावर मोकळा फिरवून पाहा. तो एका कमानीत फिरतो, आणि त्या कमानीवरच्या जागा त्याला सोप्या जातात. डावीकडचा वरचा कोपरा लांब पडतो हे कोणालाही कळते. पण उजवीकडचा खालचा कोपरा अगदी जवळ असूनही अवघड जातो, कारण तेथे टेकण्यासाठी अंगठा मुळापासून दुमडावा लागतो. मोबाइलवरील गेममध्ये आभासी बटणे बहुधा खालच्या दोन कोपऱ्यांजवळच असतात. काचेवर बोट विसावता येत नाही, टेकले की ते दाबणेच ठरते. म्हणून अंगठा सगळा वेळ उचलून अधांतरी धरावा लागतो, आणि ते काम त्याच दोन कंडरांच्या वाट्याला येते.

खऱ्या कंट्रोलरवर अंगठा बटणावर ठेवून स्वस्थ राहता येते. अधिकाच्या चिन्हासारखे जे दिशांचे बटण सर्वत्र दिसते, ते निन्टेन्डो या जपानी गेम-कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या एका छोट्या गेमसाठी बसवले. त्या यंत्रावर दांडी बसवली असती तर ते मिटलेच नसते. चपटे बटण मात्र मिटतही होते आणि न पाहता दिशाही सांगत होते. १९९० मध्ये त्याच कंपनीने कंट्रोलरच्या वरच्या कडेला दोन बटणे दिली आणि इतकी वर्षे रिकाम्या बसलेल्या तर्जनींना काम मिळाले. आकार हातानुसार हवा, हेही विसरू नये. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये एक्सबॉक्स या गेम-यंत्राबरोबर दिलेला कंट्रोलर इतका अवजड होता की जपानसाठी केलेला लहान कंट्रोलरच पुढे सर्वत्र द्यावा लागला. तेव्हा कंट्रोलर घ्यायचाच झाला तर मुलाच्या हातात देऊन पाहून घ्या. तो घेऊनही सलग चार तास खेळायचे असेल, तर दुखणे जाणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि साधा, बटणांचा फोन वापरतो. तो शर्टाच्या खिशातून आपोआप ११२ ला लागला आणि पलीकडून विचारणा झाली तेव्हा मी ओशाळलो. हा फोनचा दोष आहे का? — एक वाचक, वाई

उत्तर : दोष नाही, ती सोय कायद्याने आलेली आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटकाळी मदत मागण्याची सोय असणे बंधनकारक झाले. साध्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरले की, आणि स्मार्टफोनवर संकटकाळचे बटण दाबून धरले किंवा पॉवरचे बटण भराभर तीनदा दाबले की ११२ ला फोन लागावा, अशी तरतूद त्यात आहे.

बटणाची जागा ठरवण्यातील सर्वांत कठीण पेच या एका नियमात दिसतो. संकटात सापडलेल्या माणसाला बटण अंधारात, थरथरत्या हाताने, खिशात असतानाही सापडले पाहिजे. जे बटण इतके सहज सापडते ते चुकूनही तितकेच सहज दाबले जाते. लाल रंगाचे स्वतंत्र बटण न देता ५ ची कळ निवडणे मला शहाणपणाचे वाटते. बहुतेक फोनवर तिच्यावर एक बारीक उंचवटा असतो, त्यामुळे ती न पाहता सापडते, आणि ती दाबून धरावी लागत असल्यामुळे नुसत्या धक्क्याने फोन लागत नाही. मात्र घट्ट खिशात चष्म्याचे घर आणि फोन एकमेकांना चिकटून बसले, की ते दाबणेही पुरेसे लांबते. हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. पॉवरचे बटण पाच वेळा दाबून मदत मागण्याची सोय अँड्रॉइड फोनमध्ये सर्रास आली, तेव्हा २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनाही अशा चुकीच्या फोनचा मोठा उपद्रव झाला होता.

खिशात टाकण्यापूर्वी कीपॅड लॉक करा आणि कळांची बाजू छातीकडे ठेवू नका. पुन्हा कधी फोन लागलाच तर घाईने तोडू नका. चुकून लागला एवढे सांगा, म्हणजे तेथील माणसाला आपल्याला उलट फोन करून खात्री करावी लागणार नाही.

प्रश्न : आईला काचबिंदू आहे. टीव्हीचा एक आणि सेट-टॉप बॉक्सचा एक असे दोन रिमोट असतात. आवाज वाढवायला जाते आणि वाहिनी बदलते, नाहीतर सगळेच बंद पडते. काय करावे? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : सर्वप्रथम रिमोटवर प्लास्टिकचे पारदर्शक कव्हर असेल तर ते काढा. धूळ लागू नये म्हणून घरोघर ते चढवलेले असते, पण न पाहता बटण ओळखण्यासाठी बोटाला जो उठाव हवा असतो, तोच त्याखाली झाकला जातो.

एकसारखी बटणे शेजारीशेजारी असली की चांगला डोळस माणूसही चुकतो, हे युद्धाने शिकवले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाके मिटत आणि विमान पोटावर बसे. १९४३ मध्ये अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्हींचे खटके सारखेच होते आणि एकमेकांना लागून होते. चाकांच्या खटक्याला रबराचे छोटे चाक आणि झडपांच्या खटक्याला पाचरीचा आकार बसवण्याचा उपाय त्याने सुचवला. निन्टेन्डोच्या २००१ च्या गेमक्यूब कंट्रोलरवर मुख्य बटण मोठे आणि गोल, दुसरे लहान, आणि उरलेली दोन घेवड्याच्या दाण्यासारखी वाकडी होती, ती याच तत्त्वाने. उलट ॲपलने २०१५ मध्ये टीव्हीसाठी काढलेला रिमोट दोन्ही टोकांनी इतका सारखा होता की अंधारात लोक तो उलटा धरत. दोन वर्षांनी एका बटणाभोवती उंचावलेले पांढरे कडे आले, आणि २०२१ मध्ये सगळा आराखडाच बदलला.

आईंसाठी आवाज वाढवण्याच्या बटणावर एम-सीलचा किंवा नेलपॉलिशचा एक थेंब वाळवून उंचवटा करा. वाहिनीच्या बटणावर तो करू नका. दोन्हींवर केला तर फरक उरणार नाही. पॉवरच्या बटणाभोवती जाड पुठ्ठ्याचे किंवा रबराचे छोटे कडे चिकटवले की ते मुद्दाम बोट आत घातल्याशिवाय दाबले जाणार नाही. अनेक सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची पॉवर आणि आवाजाची बटणे शिकवता येतात. ते जमले तर टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्या.

प्रश्न : मी शहर बससेवेत वाहक आहे. पूर्वीच्या तिकीट यंत्राला बटणे होती, नव्याला नुसती काच आहे. गर्दीत तिकिटे काढायला अधिक वेळ लागतो. सवय नसल्यामुळे असे होते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : थोडे सवयीमुळे, बरेचसे काचेमुळे. बटणावर बोट ठेवून प्रवाशाकडे पाहता येते. काचेवर बोट कुठे आहे हे डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि धावत्या बसमध्ये डोळे तर प्रवासी, सुटे पैसे आणि पुढचा थांबा यांत गुंतलेले असतात. लक्ष्य जितके लहान आणि दूर तितका नेम धरायला वेळ अधिक, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये गणिती सूत्रात मांडले. बसचा हिसका त्यात आणखी भर घालतो. पडद्यावरील बटण निदान नऊ मिलिमीटरचे असावे, असे गूगलचे मार्गदर्शक सूत्र आहे, पण ते स्थिर हातासाठी आहे. वाहकाच्या यंत्रावर नेहमीचे थांबे आणि ‘पूर्ण’, ‘अर्धे’ यांची बटणे त्याच्या दुप्पट हवीत. ही मागणी आपण आगारात अवश्य करा. ती सॉफ्टवेअर बदलून पुरी होण्यासारखी आहे, त्यासाठी नवी यंत्रे घ्यावी लागत नाहीत. बटणे काढून टाकण्याचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. ॲपलने २००९ च्या आयपॉड शफल या गाणी ऐकण्याच्या छोट्या यंत्राच्या अंगावरून गाणी बदलण्याची बटणे काढून इअरफोनच्या वायरवर नेली होती, आणि पुढच्याच वर्षी ती मुकाट्याने परत आणली.

प्रश्न : मी डावखुरी आहे. सगळी उपकरणे उजव्या हाताच्या लोकांसाठीच का बनवतात? — एक वाचिका, मडगाव

उत्तर : सगळी नाहीत. जर्मनीच्या एक्झाक्टा कॅमेऱ्यांचे शटरचे बटण १९३० च्या दशकापासून डाव्या हाताला असे, मात्र त्यांचे अनुकरण फारसे झाले नाही. ई-बुक वाचण्याच्या यंत्रांत आपल्याला अधिक सोय मिळेल. २००७ च्या पहिल्या किंडलवर पाने उलटण्याच्या लांबलचक पट्ट्या दोन्ही कडांना होत्या. म्हणजे दोन्ही हातांना न्याय, पण यंत्र धरायला जागाच नाही, त्यामुळे नुसते उचलले तरी पान उलटायचे. २०१६ च्या किंडल ओॲसिसमध्ये बटणे एकाच बाजूला, जाडसर पकडीवर ठेवली आणि यंत्र उलटे धरले की मजकूरही आपोआप फिरू लागला. डाव्या-उजव्याचा इतका साधा तोडगा मी दुसरा पाहिलेला नाही.

फोनच्या बाबतीत उत्पादकांनी आपल्याकडे अधिक लक्ष द्यायला हरकत नाही. अमेरिकी डिझायनर स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यांवर, थांब्यांवर आणि गाड्यांमध्ये फोन वापरणाऱ्यांची १,३३३ निरीक्षणे नोंदवली. त्यांत पडद्याला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एका हाताने फोन वापरत होते आणि त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांश डाव्या अंगठ्याने. डावखुऱ्यांचे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी असते. याचा अर्थ उजव्या हातात पिशवी असलेली किंवा लोकलची कडी धरलेली उजवी माणसेही डाव्या अंगठ्यानेच काम चालवतात. आपल्या फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये एका हाताने वापरण्याचा पर्याय असेल, तर त्यातून अक्षरे डावीकडे सरकवून घ्या, आणि नवा फोन घेताना दुकानात तो डाव्या हातात धरून पॉवरच्या बटणावर कोणते बोट येते ते पाहा.